मालनबाईचा न उतलेला बिब्बा

मिरजगावापासून दोन कोसांवर खडकवाडी. तिथल्या मालनबाईच्या देव्हाऱ्यात कानिफनाथांची तसबीर होती आणि तसबिरीमागे फडक्यात बांधलेली बिब्ब्यांची पुरचुंडी. सकाळी नाथांपुढे उदबत्ती लावली की तीच उदबत्ती ती पुरचुंडीवरूनही एकदा ओवाळून घ्यायची. "नाथबाबा वरचं बघत्यात, ह्यो खालचं बघतो," असं तिचं म्हणणं. देवाच्या शेजारी असलं काळंकुट्ट फळ ठेवू नये असं कुणी म्हटलंच, तर ती सरळ विचारायची, "का? देवानंच केलंय ना त्ये?"

बिब्बा आपल्याकडच्या बाईला सांगायला नको. काळं, चपटं, गुळगुळीत फळ. बाभळीच्या काट्यानं टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरलं की त्यातून तेलाचा टिपूस सुटतो. टाचेच्या भेगा, पायातलं कुरूप, बैलाचा दुखरा खूर, सगळ्याला तोच टिपूस. मात्र तेल जास्त लागलं, किंवा नको त्या कातडीला लागलं, तर तिथं सूज येते, फोड येतो, खाजवून जीव जातो. याला बिब्बा उतणं म्हणतात. उतला की त्यावर खोबरं आणि तीळ वाटून लावायचे. किती तेल, कुणाला आणि कुठं, हे गणित मात्र वाडीत एकट्या मालनबाईच्या बोटांत होतं. "टाच बरी करायची आसंल तर एक टिपूस. सासूवर राग काढायचा आसंल तर दोन," ती म्हणायची, आणि बायका पोट धरून हसायच्या, कारण ती स्वतःच सासू होती.

ती अकरा वर्षांची असताना लग्न होऊन या घरात आली आणि बिब्ब्याचं काम सासूकडून शिकली. नवरा गहिनीनाथ ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्याचा राखणदार. कुणाच्या पिकात शिरलेली मोकाट गुरं आणून कोंडायची आणि मालक सोडवायला येईपर्यंत दाराशी खाट टाकून बसायचं, एवढं त्याचं काम. बाहत्तरच्या दुष्काळात वाडीतली सगळी गुरं छावणीवर गेली. कोंडवाड्यात चिमणी उरली नाही. तरी गहिनीनाथ रोज सकाळी तिथं जाऊन खाटेवर बसायचा. मालनबाईनं एकदा विचारलं, "आवं, राखता काय? आत कोन हाय?" तो म्हणाला, "कोन न्हाई. पर दार तर हाय."

मुलगा मच्छिंद्र नागापूरच्या नव्या वसाहतीत एका कारखान्यात लागला होता. महिन्यातून एकदा यायचा. घरात राहिल्या सासू आणि सून. सुनेचं नाव चांगुणा. वय असेल वीस. दोघी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायच्या. दुपारी तिथं सुकडी मिळायची, गोडसर, भाजलेल्या पिठाची. मालनबाईला गोडाचं भारी वेड. लग्नकार्यात बुंदीच्या परातीशी बसणारी ती बाई. चांगुणा पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "आत्या, मला गोड चढत न्हाई. माझी बी तुमीच घ्या." मालनबाईनं घेतली. रोजच घेऊ लागली. सून गुणाची आहे असं चारचौघींत सांगूही लागली, आणि कुणाचं कौतुक करणं हे मालनबाईच्या स्वभावात नसल्यामुळे बायकांना जरा आश्चर्यच वाटलं.

दिवाळीपासून चांगुणा खोकत होती. आधी अधूनमधून, मग रोज. संक्रांतीपर्यंत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. कुणी विचारलं की मालनबाई उत्तर तयार ठेवायची. "खडीची धूळ हाय. समदेच खोकत्यात. तू न्हाई खोकत?"

पण एकटी असली की तिला बायडाबाईच्या सुनेची आठवण व्हायची. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. ती सून अशीच खोकायची. एक दिवस कुणीतरी क्षय हा शब्द उच्चारला आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडीत वळकटी टाकून तिला माहेरी पाठवून दिलं. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. त्या वेळी पारावर सगळ्यात मोठ्यानं बोललेली बाई मालनबाईच होती. "घरात ठेवशील तर समदी वाडी खोकत बसंल," असं तिनंच बायडाबाईला ऐकवलं होतं. आता तोच शब्द आपल्या उंबऱ्याशी येऊन बसलाय हे तिला कळत होतं. मच्छिंद्रचा संसार, चांगुणाचा जीव, सगळं त्या एका शब्दाच्या तोंडी होतं. म्हणून ती रोज नाथांना रेवड्यांचा नवस बोलायची आणि जगाला धूळ सांगायची.

आणि अशात नगरहून दवाखान्याची जीप आली.

जीपमधून एक तरुण डॉक्टर उतरले. नाव सत्यवान. चष्मा, पांढरा कोट, पायांत बूट आणि बुटांत खडकवाडीची माती. त्यांच्याबरोबर मार्थाबाई वाघचौरे. पन्नाशीच्या, रुंद बांध्याच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. या मार्थाबाई अठ्ठावीस वर्षं क्षयाच्या रोग्यांत काम करत होत्या आणि दर रविवारी न चुकता ख्रिस्ती देवळात जात. दोघं सर्वेक्षण करत होते. इतर ठिकाणी लस थेट टोचत, पण या डॉक्टरांना आधी बघायचं होतं की दुष्काळानं कुणाच्या अंगात किती बळ उरलंय.

तलावाच्या कामावर सगळ्यांना जमवून डॉक्टर बोलायला उभे राहिले. त्यांनी प्रतिकारशक्ती म्हटलं, पांढऱ्या रक्तपेशी म्हटलं, आणखी बरंच काही म्हटलं. मुकादम पुंजाराम प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. त्याला काही कळत नव्हतं, पण मुकादमानं मान हलवायची असते.

शेवटी मार्थाबाईच पुढे झाल्या. "हे बघा, आज सोमवार. डाव्या हातावर बारीक सुई. गुरुवारी आम्ही परत येणार. तिथं गाठ आली असेल तर नुसती मोजणार. लहान पोरं आणि तरणी माणसं, यांना गाठ नाही आली तर दंडावर लस. तिथं बारका फोड होतो, महिनाभर राहतो, मग बरा होतो. घाबरायचं नाही."

मार्थाबाईंनी पोरं आणि तरणी एवढंच म्हटलं होतं. पण जीपची धूळ खाली बसेपर्यंत वयाची अट कुठल्या कुठे गळून पडली. पुंजारामनं निवाडा दिला. "गाठ न्हाई आली की दुसरी सुई. दुसऱ्या सुईनं म्हैनाभर हात ठनकनार. ठनकत्या हातानं घन उचलंल का? न्हाई. मोजमाप कमी भरंल, आन् साहेब माझ्यावर वरडंल. तवा गाठ आली पायजे. समद्यांना आली पायजे."

"आन् न्हाई आली तर?" कुणीतरी विचारलं.

पुंजाराम मालनबाईकडे बघून हसला. "मालनआक्का हायत की."

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली रांग लागली. मालनबाईनं पणती पेटवली, काटा काढला, पुरचुंडी सोडली. उभ्या आयुष्यात तिला एवढा मान मिळाला नव्हता. सुईच्या बारक्या खुणेवर एकेक टिपूस. "हात सरळ धर. म्हशीवानी अंग नगं चोरू." पुंजारामला तिनं थोडा मोठा टिपूस लावला, कारण मुकादम आहे, गाठसुद्धा मुकादमासारखी हवी, असं त्याचंच म्हणणं होतं.

सगळ्यात शेवटी चांगुणा. मालनबाईनं तिचा हात मांडीवर घेतला. किती हलका झालाय हा हात, असं तिच्या मनात आलं. तिनं ते मनातच दाबलं आणि टिपूस लावला. तिचा बेत साधा होता. सगळ्यांच्या हाताला गाठ, हिच्याही हाताला गाठ. दुसरी सुई नाही, जास्त विचारपूस नाही, जीप निघून जाईल.

बुधवारी सकाळी अख्खी खडकवाडी खाजवत उठली. कामावर घणांच्या आवाजापेक्षा नखांचा आवाज जास्त. पुंजारामचा हात तर मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक. मालनबाई घणाला टेकून उभी राहिली आणि एकेकाचा हात बघून समाधानानं मान डोलावू लागली. मग तिनं हळूच चांगुणाचा हात ओढला.

एक काळा ठिपका. बस. ना लाली, ना सूज. भिंतीवर शाई पडावी तसा.

"खाजतंय का?"

"न्हाई, आत्या."

"जरा बी?"

"न्हाई वं."

मालनबाईला अपमान झाल्यासारखं वाटलं. अडतीस वर्षांत तिचा बिब्बा इतका गप्प कधी बसला नव्हता. तिनं दुसरं फळ काढलं, चांगलं तुकतुकीत, आणि पहिल्या ठिपक्याशेजारी दणदणीत टिपूस लावला. गुरुवारी सकाळी चांगुणाच्या हातावर दोन काळे ठिपके होते. कातडी तशीच थंड, सपाट. मालनबाईनं दिवा न लावताच नाथांना हात जोडले. आता तिला बिब्ब्याची काळजी नव्हती. कसली होती ते तिला सांगताही आलं नसतं.

जीप वेळेवर आली. डॉक्टरांनी पारदर्शक पट्टी काढली, मार्थाबाईंनी रजिस्टर उघडलं. पहिला हात पुंजारामचा. डॉक्टरांनी पट्टी लावली आणि त्यांचा चष्मा घसरला. "बापरे! किती ही!" दुसरा हात तसाच. तिसरा, चौथा, दहावा. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. "मार्थाबाई, पुण्याला तार करावी लागेल. अख्खं गाव! एक माणूस सुटलेला नाही!"

रांग मात्र खुशीत खाजवत होती. पुंजारामनं विचारलं, "साहेब, माझीच मोठी ना? का कुनाची माझ्यापरीस मोठी निघाली?"

मार्थाबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांची गाठ बघायची एक रीत होती. डोळे मिटायच्या आणि बोटानं कडेकडेनं चाचपत जायच्या. डोळे फसतात, बोट फसत नाही, असं त्या नव्या नर्सना सांगत. पुरणाची डाळ शिजली का हे बाई जसं चिमटीत धरून बघते, तसं. त्यांनी डोळे मिटून पुंजारामचा हात चाचपला. मग तो हात नाकाशी नेला.

"डॉक्टर, तार नका करू. खरी गाठ कातडीखाली टणक लागते. हे सगळं वरवरचं पाणी आहे. हा बिब्बा आहे."

"काय आहे?"

"बिब्बा. श्रीगोंद्याला माझी आजी लावायची." मार्थाबाईंनी रांगेकडे वळून विचारलं, "कुणाचं काम हे?"

सत्तर माणसांनी एकाच दिशेला बघितलं. मालनबाईनं पदर सारखा केला आणि पुढे आली. "माझं. का? एकाचा तरी फसला का?"

"आजी, काय केलंत हे!" डॉक्टर कळवळून ओरडले. "आमचं सगळं काम मातीत घातलंत!"

"आजी कुनाला म्हन्तो रं? अजून नातवाचं तोंड न्हाई बघितलं म्या."

लोक हसले. डॉक्टरांना हसू आलं नाही. त्यांनी उरलेले हात घाईघाईनं उरकायला घेतले आणि चांगुणाचा हात समोर आला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "वा! एक तरी खरा हात! काही नाही. शून्य. लिहा, आणि लस भरा."

पुंजाराम टाळी वाजवून म्हणाला, "अरारारा! समद्या वाडीला उतला आन् घरच्या सुनेवर फसला! मालनआक्काचा बिब्बा म्हातारा झाला रं!"

हशा झाला. मालनबाईचा चेहरा तांबडा झाला. मार्थाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या चांगुणाच्या हातावरच्या त्या दोन काळ्या ठिपक्यांकडे बघत होत्या.

"हिला किती लावलात?"

"समद्यांवानीच. मंग काल आनि एकदा. ह्येच्यापरीस तिप्पट."

"आणि काहीच नाही आलं?"

"दिसतंय की तुमास्नी."

तेवढ्यात चांगुणाला खोकला आला. चांगला लांबला. मालनबाई पटकन म्हणाली, "धूळ हाय." मार्थाबाईंनी डॉक्टरांच्या हातातली लसीची सुई अलगद बाजूला केली, त्यांच्या कानात काही सांगितलं आणि मालनबाईचा दंड धरून तिला जीपच्या सावलीत नेलं.

"तुमचे मालक काय करतात, मालनबाई?"

"कोंडवाडा राखत्यात. आता गुरं न्हाईत, नुसतं दार राखत्यात."

मार्थाबाईंच्या डोळ्यांत चमक आली. "मग तुम्हाला डॉक्टरांपेक्षा लवकर कळेल. माणसाच्या रक्तातही राखणदार असतात. पांढऱ्या पेशी म्हणतात त्यांना. डोळ्यांना दिसत नाहीत. क्षयाचा जंतू छातीत शिरला की हे राखणदार त्याला गिळतात. पण तो चिवट, गिळला तरी पचत नाही. मग ते त्याच्याभोवती कडं करून त्याला तिथंच कोंडून ठेवतात. निम्म्या वाडीच्या छातीत असा कोंडवाडा असेल आणि माणसं ठणठणीत असतील. त्या पुंजारामच्याही असेल."

"त्येच्या छातीत लई कायबाय हाय."

"सोमवारी आम्ही सुईतून त्या जंतूचा नुसता वास आत सोडला. ज्या राखणदारांनी त्याला पूर्वी पाहिलंय ते धावत येतात, गर्दी करतात. तीच गाठ. तुमच्या बिब्ब्याचंही मला तसंच वाटतं. फोड बिब्बा आणत नाही, बाई. आतले राखणदार धावून येतात म्हणून तो येतो."

मालनबाईला हे मुळीच आवडलं नाही. अडतीस वर्षांचं नाव असं कुणा न दिसणाऱ्याच्या पदरात टाकायचं? "मंग माझा बिब्बा काय करतो?"

"दारावर थाप मारतो."

मालनबाई हळूच म्हणाली, "हिच्या दारावर म्या दोनदा मारली."

"आम्ही एकदा. तीन थापा. कुणी उठलं नाही."

"का न्हाई उठलं?"

"दमले असतील. रोग फार वाढला की होतं असं. उपाशी राहिले तरी होतं. राखणदार खाली बसला की कोंडवाडा फुटतो. ही खाते काय?"

"समद्यांवानी. सकाळी भाकर, कोरड्यास, आन् दुपारची सुक..."

शब्द तिथंच अडला. मालनबाईला एकाएकी तोंडात सुकडीची चव आली. तीन महिन्यांची चव. रोज दुपारी दोन वाट्या आपल्यापुढे, आणि समोर चांगुणा पाणी पिऊन उठायची. मला गोड चढत न्हाई, आत्या. राखणदारांच्या वाटचं मीच खाल्लं, असं तिच्या मनात आलं, आणि खडकवाडीत जिला कुणी कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं ती बाई जीपच्या चाकाकडे बघत राहिली.

डॉक्टर जवळ आले. त्यांचा राग उतरला होता. उलट चष्म्याआडचे डोळे उजळले होते. "मार्थाबाई म्हणतात ते पुस्तकात आहे. फार खंगलेल्या रोग्याला गाठ येत नाही. बिब्ब्याचं मात्र पुस्तकात नाही."

"मंग पुस्तक अपुरं हाय," मालनबाई सवयीनं म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

"असेल. बिब्बा न उतण्याला दहा कारणं असतील. खरं काय ते थुंकी तपासली की कळेल. हिला आत्ताच नगरला न्यायला हवं. घरच्या माणसाची परवानगी पाहिजे."

सगळी वाडी बघत होती. पुढच्या रांगेत बायडाबाई उभी होती. तिनं कमरेवर हात नव्हते ठेवले, टोमणाही नव्हता मारला. नुसतं बारीक आवाजात विचारलं, "क्षय हाय का गं, मालन?"

शब्द आला. मालनबाईला वाटलं, नाही म्हणावं. धूळ म्हणावं. तिच्या जिभेवर धूळ तयारच होती. जीप जाईल, चांगुणा घरी येईल, आणि मग एक दिवस तीच वळकटी, तीच बैलगाडी. तिनं चांगुणाकडे पाहिलं. पोर तोंडावर पदर धरून उभी होती, खोकला दाबत, सासूची लाज राखत.

"आसंल," मालनबाई म्हणाली. "मंग?"

पुंजाराम दोन पावलं मागं सरकला.

"मालनचा बिब्बा फसला म्हन्ता व्हय?" आता तिचा आवाज चढला. "बिब्बा न्हाई फसला! हिच्या रक्तातलं राखनदार झोपल्यात. मी त्येंला जागं करायला हिला नगरला न्हेते. माझ्या बिब्ब्याचं नाव गेलंय, ते परत आनल्याबगर ऱ्हायची न्हाई. आन् नीट ऐका. ज्येच्या तोंडून माझ्या सुनेबद्दल वाकडा सबूद निघंल, त्येच्या हाताला खोबरं-तीळ कोन लावतं ते बघते मी. पुंजाराम, तुझा हात उद्या भोपळ्याएवढा हुईल. बोल, कायतरी बोलत हुतास."

पुंजारामनं हात पाठीमागे घेतला. "मी कुटं काय बोल्लो, आक्का? सून गुनाची हाय."

मालनबाई बायडाबाईपाशी गेली. तिथं तिचा आवाज पुन्हा खाली आला. "तुझ्या सुनेच्या टायमाला मी जे बोलले, ते तोंड जळो माझं." बायडाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "जा तू. वाडीचं खोबरं मी वाटते."

जीप कोंडवाड्यावरून गेली तेव्हा गहिनीनाथ खाटेवर उठून बसला. "कुटं निघाली?"

"राखनदार उठवाया! तुमी निजा!"

नगरच्या दवाखान्यात चांगुणाच्या थुंकीत जंतू सापडले. भरपूर. डॉक्टर ते सांगताना मऊ आवाजात बोलले. मालनबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दावा." तिला सूक्ष्मदर्शक दुर्बिणीपाशी बसवलं. निळ्या रंगात बारीक लाल काड्या दिसल्या. "एवढ्याशा किड्यानं माझ्या घरात शिरावं?" ती बराच वेळ त्यांच्याकडे रागानं बघत राहिली. मग म्हणाली, "आता राखनदार दावा." मार्थाबाईंनी चांगुणाच्या रक्ताची काच सरकवली. मालनबाईनं पुन्हा डोळा लावला. "ह्ये? ह्येंला तर ना हात ना पाय. ह्ये पळत येत्यात?"

"वेळ आली की येतात."

"आमच्या मालकाचीच जात म्हनायची."

तीन महिने रोज सुई आणि दीड वर्ष गोळ्या, असा उपचार ठरला. मच्छिंद्र नागापूरहून धावत आला आणि दाराशीच घुटमळला. मालनबाईनं त्याला आत ढकललं. "बायको हाय तुझी, भूत न्हाई. खोकताना तोंडावर फडकं धरती, डॉक्टरांनी शिकवलंय." पहिले दोन महिने चांगुणा दवाखान्यात होती. मालनबाई एकटीनं खडी फोडायची आणि सुकडीला हात लावायची नाही. सहा दिवसांची सुकडी डब्यात साठवून रविवारी एस.टी.नं नगरला न्यायची आणि खाटेशी उभी राहून सुनेला भरवायची.

"आत्या, पुरे. मला गोड चढत न्हाई."

"चढंल. गिळ. तुझ्यासाटी न्हाई म्हनत, त्येंच्यासाटी गिळ." आणि मग चांगुणाच्या छातीकडे बघून, शेजारच्या रोग्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "खा रं बाबांनो. तुमचं लई देनं हाय माझ्याकडं."

रविवारीच मार्थाबाई देवळातून परतताना वॉर्डात डोकावत. मालनबाईनं एकदा त्यांना विचारलं की तुमच्या देवाला काय चढवत्यात. मार्थाबाई म्हणाल्या, "प्रार्थना." मालनबाई विचारात पडली. "नुसती? आमच्या नाथांना रेवड्या लागत्यात. तुमी तुमचं करा, मी माझं करते. पोरीला दोन्ही लागू हुईल."

हळूहळू चांगुणाचा खोकला थांबला. बांगड्या कोपरावरून मनगटाकडे उतरू लागल्या. थुंकी स्वच्छ आली. डॉक्टर म्हणाले, चांगलं चाललंय, गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. मालनबाईचं त्यानं समाधान होईना. थुंकी स्वच्छ आली म्हणजे चोर बाहेर पडलेला दिसत नाही एवढंच. राखणदार उठलेत का, हे कोण सांगणार?

चौऱ्याहत्तरच्या फाल्गुनात कानिफनाथांच्या मढीची यात्रा झाली. रेवड्या वाहून घरी आल्या-आल्या मालनबाईनं पणती पेटवली आणि सुनेला म्हणाली, "हात दे." चांगुणानं ओळखलं आणि हसत हात पुढं केला. एकच टिपूस, मोजून, अगदी टाचेला लावतात तेवढा.

तिसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. धरून सासू-सून नगरच्या दवाखान्यात हजर. डॉक्टर सत्यवान व्हरांड्यात भेटले. मालनबाईनं चांगुणाची बाही वर केली. हातावर लालबुंद, पाण्यानं टचटचीत फोड.

"परत बिब्बा!" डॉक्टर ओरडले. "तुम्हाला किती वेळा सांगितलं, हे करायचं नसतं! कातडी जळते, पिकते!"

"उतला," मालनबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड भरून हसू. "डॉक्टर, उतला की वं!"

डॉक्टर आणखी रागावणार होते, पण त्यांची नजर त्या फोडावरून हलेना. त्यांनी मार्थाबाईंना हाक मारली. चांगुणाच्या दुसऱ्या हातावर तलावावरच्या त्या सोमवारसारखीच बारीक सुई टोचली. मालनबाई व्हरांड्यात पथारी टाकून तीन दिवस बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मार्थाबाई आल्या, डोळे मिटले आणि बोट हळूहळू कडेनं फिरवू लागल्या. त्यांना इतका वेळ लागला की मालनबाईनं श्वास रोखून धरला.

"टणक आहे," मार्थाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "आतून आहे. आलेत सगळे."

डॉक्टरांनी पट्टी लावली. "सोळा मिलिमीटर." त्यांनी रजिस्टरात लिहिलं.

"आन् बिब्ब्याचं?"

"त्याला रकाना नाही."

"करा की मंग."

डॉक्टरांनी मार्थाबाईंकडे पाहिलं. मार्थाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी डॉक्टरांनी शेऱ्याच्या जागेत, बारीक अक्षरांत, दोन शब्द लिहिले. मालनबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ते मार्थाबाईंकडून दोनदा वाचून घेतले. बिब्बा उतला. मग तिनं कमरेची पुरचुंडी सोडली, तिच्यातून खोबऱ्याचा तुकडा आणि मूठभर तीळ काढले आणि सुनेचा खाजरा हात धरून विचारलं, "हितं पाटा-वरवंटा कुटं हाय?"